वाफ्यातली सोनकी

“…आणि माती? मातीही इथूनच नेलीस म्हणतोस?”

“इथूनच. पोती पाठीवर वाहून नेली,” जिवाजी म्हणाला. “मी काय नवशिका आहे, बुवा?”

रेवजीबुवांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते जिवाजीला कळलं नाही.

वाघजाईच्या पठारावर, देवीच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर बुवांची झोपडी होती. तीन बाजूंना रचलेले दगड, वर गवत. खालच्या वाडीतली माणसं कधी पीठ, कधी दूध घेऊन वर येत, मनातलं काही विचारत आणि उतरून जात. बुवा फार बोलत नसत. जे बोलत ते लोकांना उतार लागल्यावर कळे. कित्येकांना तेव्हाही कळत नसे.

जिवाजी रासकर मात्र आजवर एकदाही झोपडीपर्यंत आला नव्हता. दोनदा माती आणि दगड न्यायला पठारावर चढला, तेव्हाही लांबूनच गेला. कुणाला काही विचारायची त्याला गरजच पडली नव्हती. नदीकाठी त्याचा दोन एकर फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, अॅस्टर. बाजारातले हारवाले दुसऱ्याच्या पाटीला हात लावण्याआधी विचारत, “रासकरांची शेवंती उतरली का?” माझ्या हातचं रोप फुललं नाही असं कधी झालं नाही, हे वाक्य जिवाजी देवळातही मोठ्यानं बोले. देवीनंही ते बऱ्याचदा ऐकलं असेल.

तो जिवाजी आज श्रावणातल्या धुक्यात, साठी उलटलेले गुडघे धरत धरत, तीन तासांचा डोंगर चढून आला होता. आणि विचारत होता एका रानफुलाबद्दल.

सोनकी. शेवंतीच्याच घराण्यातली, पण कुणी न लावलेली. गुडघ्याएवढं रोप, पिवळ्या पाकळ्यांची एक ओळ, मधे पिवळीच चकती. बियांना कापसासारखं पीस असतं. वारा नेईल तिकडे बी जातं. भाद्रपदात सगळं पठार पिवळं होतं आणि त्यात कुणाचाही हात नसतो.

“पहिल्या साली काय केलंस?” बुवांनी विचारलं.

“शेणखत घातलं, कुजलेलं. रोपं कमरेला लागली. पानं अशी माजली की भाजी करून खावी. फूल एक नाही.”

“दुसऱ्या साली?”

“खत बंद. ही तांबडी माती नेली. रोपं बारीक राहिली. कळ्या धरल्या, पण उशिरा. तोवर पाऊस गेला. ऊन तापलं आणि सगळ्या करपल्या.”

“पाणी?”

“विहिरीचं दिलं की. थंडगार. तरी करपल्या.”

“आणि गेल्या साली?”

जिवाजी जरा घुटमळला. “दगड नेले.”

“दगड?”

“तुमच्या इथले, कातळाचे. म्हटलं, हिला दगडाचीच सवय असेल तर घे बाई दगड.”

बुवा हसले. तोंडात दात थोडे होते, पण हसू भरपूर होतं.

“मग?”

“तेच. उशिरा कळ्या, आणि करपा.” जिवाजीनं डोक्यावरचं इरलं काढून बाजूला ठेवलं. “यंदा चौथं साल. रोपं वीतभर झालीत, तजेलदार आहेत. आता काय चुकतंय तेवढं सांगा. तुम्ही इतकी वर्षं हिच्यात राहता, तुम्हाला ठाऊक असणार.”

“मी तर हिला कधी पाणीसुद्धा घातलं नाही.”

“म्हणून तर विचारतोय.”

बुवा दारातल्या दगडावर टेकले. समोरच्या दगडावर जिवाजी बसला. दोघांच्या मधे, पायापाशी, सोनकीची कोवळी रोपं दाटीनं उभी होती. धुकं आलं, झोपडी गिळून पुढे गेलं.

“जिवाजी, तुझ्याकडे एवढी शेवंती आहे. मग ही कशाला हवी तुला?”

जिवाजी खाली रोपांकडे पाहू लागला.

…

“सांगायचं नसेल तर राहू दे,” बुवा म्हणाले. “ऊठ. उतरताना घसरतं.”

“सांगतो,” जिवाजी म्हणाला. पण बुवांकडे न पाहता, खाली पाहत सांगू लागला.

त्याचा एकुलता एक मुलगा सुदाम. हाताचा गुणी, पण स्वतःच्या डोक्यानं चालणारा. चार वर्षांमागं त्यानं शेवंतीचा एक वाफा वेगळा मागून घेतला. म्हणाला, आबा, एवढा एक माझ्या पद्धतीनं करू द्या, ह्याला हात लावू नका. जिवाजी बरं म्हणाला. आणि एका सकाळी सुदाम बाजारातून परतला तर वाफा जिवाजीनं आपल्या पद्धतीनं सारखा करून टाकलेला.

“बरं केलं होतं मी, बुवा. वाफा सुधारला होता.”

“मग?”

“मग काय! बांधावर उभा राहून बोलला, सगळ्या बायामाणसांसमोर. म्हणे, आबा, डोंगरावरची सोनकी तुमच्या हाताखाली नाही तेच बरं आहे. असती तर एवढ्या वर्षांत फुललीच नसती.”

“तू काय बोललास?”

“बोललो, फुलेल. माझ्याच वाफ्यात फुलेल. आणि ती फुलेस्तोवर या बांधावर पाय ठेवू नकोस.”

“आणि त्यानं ठेवला नाही.”

“माझाच मुलगा आहे ना!” जिवाजीच्या आवाजात राग होता आणि अभिमानही होता. “दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेला. घाटापलीकडे एका रोपवाटिकेत कामाला आहे. त्याची आई जाऊन येते. मी नाही गेलो.”

“का?”

“शब्द दिलाय. रासकरांचा शब्द आहे, बुवा, शेवंतीची पाटी नव्हे, आज दिली आणि उद्या परत घेतली.”

पठारावर पावसाची एक सर आली आणि गेली.

“माघात नात झाली,” जिवाजी हळूच म्हणाला. “आता बसायला लागली म्हणतात. मी तोंड पाहिलं नाही तिचं. त्याच्या आईला म्हटलं, कशी दिसते गं? तर म्हणते, जाऊन बघा. एवढंच बोलते. घरात आता माझ्याशी कुणी तीन शब्दांवर बोलत नाही… म्हणून ही फुलायला हवी. फुलली की मी त्याच दिवशी एसटीत बसतो. तोपर्यंत कसा जाऊ? तुम्हीच सांगा.”

बुवा जिवाजीच्या हाताकडे पाहत होते.

“तुझ्या हातात काय आहे?”

“कुठे?”

“उजव्या.”

जिवाजीनं हात पाहिला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक हिरवा कोंब होता. सोनकीचा शेंडा. ताजा, रसानं ओला.

त्यानं खाली पाहिलं. पायापाशी सहा शेंडे पडले होते. आणि समोरची सात रोपं बोडकी उभी होती.

…

“हे मी…” जिवाजी अडखळला. “हे मी कधी केलं?”

“मुलाचं सांगत होतास तेव्हा.”

“मी मुद्दाम नाही केलं, बुवा.”

“मला दिसलं.”

“शेंडा तर खुडावाच लागतो! त्याशिवाय रोप फुटत नाही. एक शेंडा खुडला की चार फुटवे येतात. शेवंतीचं सगळं त्याच्यावर असतं. लावणीनंतर एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्या बापानं मला आठव्या वर्षी शिकवलं.”

“खालच्या सोनकीचा खुडलास?”

“दर साली.”

“तिन्ही साली काय काय केलंस ते मी विचारलं. खत सांगितलंस, माती सांगितलीस, पाणी, दगड, सगळं सांगितलंस. हे नाही सांगितलंस.”

“यात काय सांगायचं?” जिवाजी चिडला. “हे काही करणं नव्हे. हे… हे असतंच.”

बुवा उठले. झोपडीत गेले. आतून टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भगव्या छाटीची एक लांब चिंधी होती.

“अंगठा दे.”

जिवाजी दचकून मागे सरकला. “अंगठा मागायचे दिवस गेले, बुवा.”

“कापून घेऊन मी काय करू? भाजी करू?” बुवांनी त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. अंगठा तळव्यात दुमडला आणि वरून चिंधीचे वेढे घालत गेले. गाठ मनगटावर, डाव्या हातानं सुटणार नाही अशी मारली.

“हे कशाला?”

“चिमटी होऊ नये म्हणून.”

“मी नुसतं मनात ठरवलं तरी थांबेन की! रासकरांचा शब्द…”

“आत्ता ठरवून खुडलेस का?”

जिवाजीनं गाठीकडे पाहिलं.

“सोडू कधी?”

“तू सोडायची नाही.”

“मग कोण सोडणार?”

“मला काय ठाऊक,” रेवजीबुवा म्हणाले आणि चुलीकडे वळले.

उतारावर जिवाजी दोनदा घसरला. दोन्ही वेळा उजव्या हातानं झुडूप धरायला गेला आणि दोन्ही वेळा बसला.

पहिल्या आठवड्यात त्याला कळलं की माणूस म्हणजे बराचसा अंगठाच असतो.

भाकरी मोडेना. धोतराचा काष्टा बसेना. सगळ्यात मोठी पंचाईत तंबाखूची. डाव्या अंगठ्यानं मळायला गेला तर अर्धी तंबाखू खाली आणि चुना मिशीला. भागीरथी, त्याची बायको, दारातून पाहत होती. पाहवलं नाही तेव्हा आली, पुडी हिसकावून घेतली आणि स्वतःच्या तळव्यावर मळायला लागली.

“तुला येतं?” जिवाजी म्हणाला.

“चाळीस वर्षं बघतेय. धरा.”

चिमूट जरा कडक झाली होती. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण तंबाखूसाठीच उघडं ठेवावं लागलं.

“बुवांनी कसली मोळी बांधलीय ही?” तिनं विचारलं. किती तरी दिवसांत तीन शब्दांच्या पुढे गेली ती.

“शेंडे खुडू नयेत म्हणून.”

भागीरथी त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती की काय करत होती, ते त्यानं विचारलं नाही.

रोज सकाळी तो विहिरीमागच्या सोनकीच्या वाफ्यावर जाई. रोपं वर चढत होती, शेंडा तोऱ्यात. आणि रोज सकाळी त्याचा हात आपसूक पुढे जाई, चिंधीत अडके, मागे येई. एकदा त्यानं मोजलं. उभ्या उभ्या सात वेळा हात गेला. माझं लक्ष असतं, माझ्या हातून उगीच काही होत नाही, असं म्हणणारा माणूस मी, आणि सात वेळा!

हात फक्त रोपांकडेच जात नव्हता. फुलं तोडणाऱ्या बाईनं पाटी भरली की तिची वरची फुलं नीट करायला जाई. भागीरथीनं दांडीवर टाकलेलं लुगडं सारखं करायला जाई. देवळात कुणी वात लावली की ती पुढे ओढायला जाई. दर वेळी भगवं बोचकं पुढे येई आणि समोरचं माणूस विचारी, “काय झालं हो तात्या हाताला?”

“काही नाही.”

काही नाही म्हटलं की लोक आपापलं काही तरी धरतात. मळ्यातल्या बाया म्हणाल्या, विळा लागला. देवळात ठरलं, नखुर्डं चिघळलं. दूध घेऊन जाणारा गाडीवान नामा घाट चढेपर्यंत त्याच्या तोंडी अंगठा पुरता गेला होता.

गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. भागीरथी सकाळपासून भांडी आपटत होती. “गौरी येतील हो घरात. सून मात्र यायची नाही,” हे ती कढईला सांगत होती. कढईला ऐकू येईल त्यापेक्षा बरंच मोठ्यानं.

जिवाजी उठून मळ्यात आला. आभाळ भरलेलं. सोनकीच्या प्रत्येक शेंड्याला घट्ट हिरव्या कळ्या आल्या होत्या. टोकाशी पिवळं दिसतंय की नाही, असं. तीन सालांत एवढ्या लवकर कधी आल्या नव्हत्या. तो वाकून पाहत होता तेव्हा बांधाकडून हाक आली.

“आबा!”

त्यानं वळून पाहिलं. बांधापलीकडे, वाटेवर, सुदाम उभा होता. धापा टाकत. मागे सून, पदराखाली लेकरू.

जिवाजीचे पाय बांधापर्यंत गेले आणि अलीकडे थांबले. मुलगा पलीकडे. मधे हातभर रुंदीचा मातीचा बांध.

“हात दाखवा,” सुदाम म्हणाला.

“काही झालं नाही.”

“नामा म्हणाला अंगठा गेला. दाखवा आधी.”

जिवाजीनं हात बांधावरून पुढे केला. सुदामनं तो दोन्ही हातांत घेतला. गाठ ओली होऊन आवळली होती. त्यानं दातानं सैल केली, वेढे एकेक उलगडले. शेवटचा वेढा निघाला.

अंगठा धडधाकट होता. जरा पांढरा पडलेला, सुरकुतलेला, नख वाढलेलं. बस्स.

सुदामनं तो उलटा सुलटा पाहिला. दाबून पाहिला.

“हे तर… ह्याला काहीच नाही झालेलं.”

“तेच सांगत होतो.”

“मग बांधलाय कशाला?”

खोटं बोलता आलं असतं. लचक भरली म्हणता आलं असतं. जिवाजीच्या ओठावर ते आलंही होतं. पण हात अजून मुलाच्या हातात होता.

“खुडायला नको म्हणून,” तो म्हणाला.

…

सुदामनं मान खाली घातली.

“फुलली का?” त्यानं विहिरीकडे हनुवटी करून विचारलं.

“कळ्या आहेत.”

“फूल नाही?”

“आज तरी नाही.”

“मग मी इथेच थांबतो,” सुदाम म्हणाला. “तुमचा शब्द आहे.”

“थांब,” जिवाजी म्हणाला.

आणि दोघंही थांबले. एक अलीकडे, एक पलीकडे. हात सोडायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. तेवढ्यात पाऊस आला. बारीक नाही, चांगला जाड थेंबांचा.

भागीरथी परसदारातून धावत आली आणि बांधाशी थबकली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

“एक धोंडा कमी होता म्हणून दुसरा जन्माला घातला मी!” ती ओरडली. “भिजा दोघं. पिकाल तेव्हा सांगा. पण त्या पोरीला इकडे द्या आधी.”

सुनेनं पदर बाजूला केला. लेकरानं तोंडावर पडलेल्या थेंबाला जीभ लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या थेट रासकरांच्या होत्या.

जिवाजीनं हात पुढे केले. दोन्ही. पोरगी त्याच्या छातीशी आली, ओली, उबदार. त्याच्या मोकळ्या झालेल्या अंगठ्याला तिनं मुठीत पकडलं आणि तोंडाकडे ओढलं.

“आत ये,” जिवाजी म्हणाला. मुलाकडे न पाहता म्हणाला.

“आबा, फूल…”

“पोरगी भिजतेय. आत ये म्हणतो ना!”

सुदामनं बांधावर पाय ठेवला.

अकरा दिवसांनी जिवाजी पुन्हा पठारावर आला. सगळं पठार पिवळं झालं होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना, कातळाच्या भेगांत, देवीच्या ठाण्याच्या पायरीवर, सगळीकडे. तो खाली मान घालून त्यातून चालत आला आणि बुवांसमोर बसला. बसताना हात मांडीखाली घेतले.

बुवा काटक्या मोडत होते.

“बुवा, मी शब्द मोडला.”

“कुठला?”

“ती फुलेस्तोवर बांधावर पाय ठेवू नकोस म्हणालो होतो. नुसत्या कळ्या होत्या. तरी आत घेतला.”

“हं.”

“सगळ्यांसमोर बोललो होतो. साठ वर्षांत दिलेला शब्द परत घेतला नाही मी. प्रायश्चित्त सांगा काही.”

बुवांनी आणखी एक काटकी मोडली. “लोक काय म्हणतात?”

“काही नाही.” जिवाजीला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. “नामा म्हणाला, बरं झालं तात्या, आम्हाला बघवत नव्हतं. मळ्यातल्या बायांनी तर गौरीपुढे फुगड्या घातल्या पहाटेपर्यंत. मला वाटत होतं, हसतील.”

“आणि मुलगा?”

“शेवंतीचे दोन वाफे त्याला दिलेत. नीट करत नाही. सगळं उलटंच करतो.”

“मग?”

“मग काय… पोरगी असते माझ्याकडे. तिला घेऊन बसतो. तिकडे जाता येत नाही.” थोडं थांबून तो म्हणाला, “गेलो तरी तो म्हणतो, आबा, पोरगी रडेल, तुम्ही जा. मी जातो.”

“झोप लागते?”

“लागते,” जिवाजी म्हणाला. आणि मग ओशाळून, “लाज वाटावी इतकी लागते. परवा जेवताना लागली. भागीरथीनं ताट ओढून घेतलं.”

बुवांच्या दाढीत काही तरी हललं. त्यांनी काटक्या चुलीत सारल्या, फुंकर घातली. धूर आला, मग जाळ आला. चहाचं पातेलं वर चढलं.

“प्रायश्चित्ताचं सांगा ना,” जिवाजी म्हणाला.

“सांगतो. चहा होऊ दे.”

चहा झाला. बुवांनी एक वाटी त्याच्यापुढे सरकवली. तो फुंकून फुंकून प्यायला. वारा पडला होता. खाली नदी दिसत होती आणि नदीकाठी पिवळा पांढरा ठिपका, त्याचा मळा.

“सोनकी उमलली का?” बुवांनी विचारलं.

जिवाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

उघडंच राहिलं.

सुदाम आला त्या दिवशी कळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप होता. तिसऱ्या दिवशी गौरी. मग जेवणं, पाहुणे. मग पोरीनं मांडीवरून उतरून रांगायला सुरुवात केली, ती थेट उंबऱ्याकडे. मग… मग काय झालं होतं? विहिरीमागे तो गेलाच नव्हता. आज सकाळी एवढ्या पिवळ्यातून चालत आला, तरी आपल्या वाफ्याची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती.

“पाहिलंच नाही, बुवा,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“अकरा दिवस झाले.”

रेवजीबुवांनी त्याच्या हातातली रिकामी वाटी घेतली.

“मग उमलली असेल.”